माऊसनेच सांग

बाबांचा प्रिंटर रुसला की लेकीला फोन यायचा. लेक ऑफिसातले सर्व्हर सांभाळणारी. कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाकली की काम फत्ते, हा तिचा खाक्या. बाबांना मात्र ती खिडकी बघूनच घाम फुटायचा. "मला आपलं माऊसनेच सांग." मग सेटिंगचं दातेरी चाक सापडायचं नाही, ते शोधायला चष्मा लागायचा, चष्मा डोक्यावर निघायचा, आणि मधेच 'तू जेवलीस का' यायचं. तासभर सहज जायचा.

आज तिला मीटिंग होती.

"बाबा, आज माऊस नाही. काळी खिडकी उघडा. मी एकेक अक्षर सांगते, तसं टाइप करा. दोन मिनिटांत मोकळे."

"मला नाही बुवा जमायचं ते."

"जमेल. लिहा, एस, यू, डी, ओ."

पलीकडे कीबोर्ड वाजू लागला आणि न अडखळता वाजतच राहिला. शेवटी एंटर दाबल्याचा टक्क आवाज आला. मागे प्रिंटर घरघरू लागला.

"बाबा, मी चारच अक्षरं सांगितली होती. बाकीची ओळ कुठून आली?"

पलीकडे कीबोर्ड घाईने बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात, "झालं वाटतं गं आपोआप."

तिने शेजारच्या सहकाऱ्याला खुणेने सांगितलं, मीटिंगला तू जा. मग खुर्चीत मागे टेकून बसली.

"बाबा, तो प्रिंटर परत बिघडवा बघू. हं, आता घ्या माऊस. वरच्या कोपऱ्यात काय दिसतंय?"