दारातला चाहता

"सिरिल घरीही असाच लचकत चालतो का हो?" दारातल्या माणसाने विचारलं. टीव्हीवर हसवणाऱ्या तुमच्या मुलाचा मी चाहता, म्हणाला. आईला संशय आला. चाहते आत डोकावत. हा दाराशी ठेवलेले बूट न्याहाळत होता. बातमीदार असणार.

"हे मोठे बूट कुणाचे? चिखल ताजा आहे."

"आमच्या यांचे. ते गेल्यापासून मीच बागेत घालते," म्हणत तिने दार लावलं.

स्वयंपाकघरात सिरिल आणि नुकताच बागेतून आलेला नॉर्मन श्वास रोखून बसले होते. दोन पुरुषांचा संसार छापून आला असता, तर सिरिलचा कार्यक्रम बंदच झाला असता.

आईला त्यांनी नॉर्मन भाडेकरू आहे, असंच सांगितलं होतं. तीही त्याला ‘मिस्टर हॉल’ म्हणायची.

"नॉर्मन बाळा," ती म्हणाली, "चहा गार झाला असेल. दे, दुसरा करते."