तिसरं कलम

"सही कर," वीरभद्रप्पा वकील म्हणाले. "जिंकलास."

भीमराजनं पेन घेतलं नाही. रामराव कबूल झाला होता. इतक्या लवकर? कामून?

हुमनाबादच्या कोर्टाचा व्हरांडा. एका बाकावर रामराव, हळ्ळीखेडच्या स्टँडवरचा हॉटेलवाला. शेजारी त्याचे वकील. समोरच्या बाकावर भीमराज, त्याच स्टँडवर गोळी सोडा विकणारा. शेजारी त्याचा म्हातारा बाप, नरसिंग. मधे उभे भीमराजचे वकील वीरभद्रप्पा, दोन्ही बाकांना पुरून उरेल एवढ्या आवाजाचे.

भर बाजारात रामराव बोलला होता. भीमराजच्या सोड्याला पाणी कुठलं? ढोरं सोलायच्या खड्ड्याशेजारच्या आडाचं.

एवढंच. पाणी सरकारी विहिरीचं होतं, रामरावच्या चहालाही तेच. पण पुढच्या बाजारापर्यंत ते वाक्य दुबलगुंडीला जाऊन पोचलं. गोळी न दाबताच बाटल्या परत यायला लागल्या. लोक पुढ्यातून जायचे ते नाकाला धोतराचा सोगा लावून.

भीमराजनं केस घातली. पहिल्याच दिवशी वकिलांनी विचारलं होतं, "अब्रू गेली म्हणतोस. गेली म्हणजे नेमकं काय झालं? कोर्टाला सांगावं लागतं."

भीमराजचं तोंड उघडलं. मिटलं.

"बाटल्या वापस यायलेत."

"तो धंद्याचा तोटा. अब्रूचं सांग."

सांगता आलं नाही. आत जळत होतं, ते जिभेवर येत नव्हतं. दर तारखेला वकील विचारायचे, दर तारखेला तो मुका घरी यायचा आणि वाटभर स्वतःलाच शिव्या घालायचा.

आता तडजोड. वकिलांनी कागद वर धरला.

"कन्नडमध्ये लिहिलंय, मराठीत सांगतो. एक. रामराव जे बोलले ते खोटं होतं."

भीमराजची मान ताठ झाली.

"दोन. रामराव आपल्या हॉटेलात भीमराजचा सोडा विकायला ठेवतील."

रामरावनं मान डोलावली. मुकाट.

"तीन. बाजाराच्या दिवशी, गावच्या रिवाजाप्रमाणे, हलगी वाजवून रामरावच्या माफीची दवंडी..."

"हलगी कुणी वाजवायची?"

नरसिंगनं विचारलं. सकाळपासून तो पहिल्यांदा बोलला होता.

गावची दवंडी नरसिंगच्या घराकडं असायची. ताप असो, घरात मयत असो, पाटलाचा निरोप आला की हलगी गळ्यात घालून निघायचं. बदल्यात शिळी भाकरी, वरून टाकलेली. वाजवायच्या आधी हलगी जाळावर धरायची, कातडं तापून ताणलं की मागं घ्यायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी नरसिंगनं ती तशीच जाळावर धरली. मागं घेतली नाही. तेव्हा गावानं वर्षभर त्यांचं दळण दळलं नव्हतं. तेव्हापासून हळ्ळीखेडात चावडीचा शिपाई ताट बडवतो.

"तुमच्याकडंच हाय की ते," रामराव म्हणाला. गोड आवाजात. "रिवाज गावचा. मी कोण मोडणार? तुझ्या पोराचीच बातमी हाय, नरसिंगा. तू वाजिव, तुझं पोर वरडंल. आमी ऐकताव."

त्याचे वकील उगाच कागद चाळायला लागले. ओठ दाबून.

म्हणजे हे. यासाठी कबूल झाला होता.

भीमराजनं आपल्या वकिलांकडं पाहिलं.

"काय हरकत आहे, भीमराज?" वीरभद्रप्पा म्हणाले. मनापासून म्हणाले. "आपल्याच हातानं आपलं नाव स्वच्छ करायचं. एका सकाळचा तर प्रश्न. उलट मानच म्हण की."

हाच माणूस त्याच्यासाठी जज्जसाहेबासमोर तावातावानं भांडला होता. घरी नेऊन, शेजारी बसवून जेवू घातलं होतं. आणि ह्याला दिसत नव्हतं. रामरावचा राग भीमराजला ओळखीचा झाला होता. तो घेऊनच तो उठायचा, झोपायचा. हा राग नवा होता. हा कानशिलापर्यंत चढला आणि तिथं थंड झाला.

"तिसऱ्यात एक ओळ घाला, साहेब."

"कुठली?"

"हलगी रामराव वाजिवतील. सोता. गळ्यात घालून."

रामराव बाकावरून उठला.

"काय बोलायलास, कळायलंय का तुला? मी? हलगी?"

"माफी तुमची. दवंडी तुमची."

"आरं, कातडं गळ्यात घालून बाजारातनं फिरू मी?" त्याचा आवाज फाटला. बाजूच्या खोलीतले कारकून दारात आले. "उद्या माझ्या हातचा चा कोण पील? सोयरे दारात उभं करतील का मला? पोरं साळंत जातेत माझी, त्यांच्याकडं बोट दावतील लोकं. घरच्या मान्सापुढं कसं बसू जेवाया? जित्तेपणी मारायलास का मला?"

त्याचे वकील त्याची बाही ओढत होते. तो बसला. धापा टाकत, घाम पुसत.

नरसिंग जमिनीकडं पाहत होता. वीरभद्रप्पांच्या हातातलं पेन तसंच उघडं होतं.

"साहेब," भीमराज म्हणाला, "तुमी दर तारखेला इचारत व्हता, माझं काय गेलं म्हून. लिवा आता. ते म्हणले तसंच लिवा."