हापिपाआजीचं घर

घर उठलं नाही.

लाकडी खांबांवर उभ्या घराला आडवे बांबू बांधून त्यांखाली साठ माणसांनी खांदे दिले होते. ओसरीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या म्होरक्यानं, अंबो सिद्देनं, आरोळी ठोकली, साठ गळ्यांनी ओ दिली, खांब करकरले आणि घर होतं तिथंच राहिलं. पुढचा कोपरा तेवढा वीतभर वर आला आणि धप्पकन खाली बसला. आतल्या फळीवर विसरलेलं कसलंतरी भांडं गडगडलं.

"आजी, आत कोणाला लपवलंय का?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. खाली चुलीपाशी उभी असलेली हापिपाआजीही हसली, पण तिची नजर त्या खाली बसलेल्या कोपऱ्यावरच होती.

तलावाकाठची ही जागा तिनं विकली होती. गुडघे साथ देत नव्हते, दवाखाना लांब होता. मुलगा ताहिर डांबरी रस्त्याला राहायला गेला होता आणि त्याच्या अंगणाशेजारी जागा मोकळी होती. जागा घेतली ती जाकार्ताच्या गुनावनसाहेबांनी. त्यांना इथं स्वतः राहायचं होतं आणि बाजूला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या. आजीच्या ओसरीवर बसून, कॉफी पिऊन, तलावाकडे बघत त्यांनी सौदा केला. घर सौद्यात आहेच असं ते धरून चालले. तीन दिवसांपूर्वी ते कुलूप घेऊन आले तेव्हा आजीनं डोळे मोठे केले.

"जमीन विकली रे बाबा. घर कुठं विकलं? घर तर माझ्याबरोबर येणार."

साहेबांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. आज शुक्रवारचा नमाज झाल्यावर माणसं बांबू घेऊन आली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

या घरानं आजवर तीन जागा बदलल्या होत्या. पहिल्यांदा ते हललं तेव्हा हापिपा नऊ वर्षांची होती. सगळ्यांना खाली उतरवलं होतं. ही तांदळाच्या कणगीमागे दडून राहिली. मग जमीन सुटली आणि खिडकीतून नारळाची झाडं एकामागून एक चालत गेली. पुढं तिनं लग्न पाहिलं, बाळंतपणं पाहिली, नवऱ्याला मातीआड केलं. पण तसं नवल पुन्हा दिसलं नाही. हे घर शेवटचं हललं त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा सव्वाशेच्या वर माणसं होती. बांबूला हात लावायला जागा नव्हती. कित्येकजण नुसतेच बाजूनं ओरडत पळत होते आणि जेवणाला मात्र सगळ्यांत पुढं बसले होते. ते ओरडणारे आता मातीत गेले. त्यांची पोरं निकेलच्या खाणींवर गेली, मलेशियाला गेली.

दुसरी आरोळी झाली. या वेळी घर उठलं, दोन पावलं चाललं आणि पुढच्या कोपऱ्याकडे कललं. बायका किंचाळल्या. घर खाली टेकलं.

अंबो सिद्दे कपाळ पुसत म्हणाला, "अजून एकदाच. बांबू तडकायला लागलेत. आता नाही उठलं तर घर इथंच राहील, आजी."

गुनावनसाहेब ताहिरच्या कानाशी लागले. ताहिर आईपाशी आला. "आई, साहेब म्हणतात घराचे वेगळे पैसे देतो. काही बदलणार नाही. तुला वाटेल तेव्हा येऊन बसत जा."

"माझ्या घरात मी पाहुणी?"

"माणसंच नाहीत आई, मी तरी काय करू?"

आजीनं बांबूंखालच्या माणसांकडे पाहिलं. घर सोडायचं दुःख निराळं होतं. एक घर उचलण्याइतकी माणसं गावात उरली नाहीत, हे तिला जास्त लागलं होतं. पण या साठजणांची हाडं मोडून घेऊन तरी काय मिळवायचं? ती 'राहू दे' म्हणणार, एवढ्यात भाताच्या पातेल्यामागून तिची भावजय कडाडली, "पुढचा कोपरा रिकामा पडलाय आणि तिथंच पाच धडधाकट माणसं सावलीला उभी! जाकार्ताचे खांदे काय शर्ट टांगायला असतात?"

हशा पिकला. गुनावनसाहेबांनी मागं पाहिलं. त्यांच्यामागं कुंपण घालायला आणलेले चार गडी उभे होते. साहेब लाल झाले, मग स्वतःच हसले. त्यांनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि कोपऱ्याखाली जाऊन उभे राहिले. मागोमाग चौघे गडी आले.

तिसरी आरोळी झाली. घर उठलं.

ते डुलत डुलत बांध ओलांडून गेलं, केळीची पानं फाडत गेलं, मशिदीला वळसा घालून गेलं. पोरं पुढं, कोंबड्या सैरावैरा, आजी काठी टेकत मागं. ताहिरच्या अंगणाशेजारी ते अलगद उतरलं, तेव्हा जुन्या दिवसांइतकाच कल्ला झाला.

पंगत बसली. मासे, भात, नारळाच्या दुधात शिजवलेली केळी. आजीनं पहिलं ताट गुनावनसाहेबांना वाढलं. त्यांचा शर्ट खांद्यावर फाटला होता आणि तोंडावरचं हसू काही जात नव्हतं.

"आजी, मला हे घर हवं होतं," ते म्हणाले, "आणि मीच ते उचलून तुम्हाला आणून दिलं!"

"आता तू आमच्यातला झालास. तुझं घर हलवायचं असेल तेव्हा हाक मार. आम्ही सगळे येऊ."

"माझं कसलं हलवताय? सिमेंटचं बांधणार आहे, खाली दहा फूट पाया. शंभर वर्षं जागचं हलणार नाही."

आजीचा वाढता हात थांबला. एवढा वेळ तिला वाटत होतं, तलावाकाठ सोडून आज गमावलं ते आपणच. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि केळ्याची आणखी एक फोड त्याच्या ताटात घातली.

"अरे बाळा," ती हळूच म्हणाली, "मग सगळं गाव तुझ्याकडे कधी जमायचं?"