पॅनेलचं तोंड

सत्त्याण्णव साली राजरत्नने कराडात आपलं पहिलंवहिलं काम घेतलं. भारनियमनात मधुकर वकिलांच्या ऑफिसला चार तास उजेड पुरेल असा सौर दिव्यांचा आराखडा त्याने स्वतः आखला आणि गच्चीवर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवलं.

आठवड्याने वकिलांचे वास्तुतज्ज्ञ आठल्येगुरुजी आले. वर बघून म्हणाले, "दक्षिण ही यमाची दिशा. तोंड उत्तरेला करा, लक्ष्मी येईल."

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, हे राजरत्न घसा कोरडा पडेपर्यंत सांगत राहिला. वकील म्हणाले, "अहो, तुम्ही वायरिंगचं बघा. शास्त्रातलं त्यांना कळतं."

पॅनेल फिरलं. थंडी पडली तशी बॅटरी अर्ध्या तासात मान टाकायला लागली. मेणबत्तीपुढे बसून कंटाळलेले पक्षकार बाजारपेठभर सांगत सुटले, "राजरत्नचा दिवा व्हय? त्यो लावायच्या आधीच विझतोय." चार महिने त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही.

मग एका सकाळी घरावर तसलेच दिवे बसवून हवेत म्हणून एक गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. राजरत्नने यावेळी आधीच विचारून घेतलं, "पॅनेलचं तोंड कुठं करायचं?"



"दक्षिणेला," आठल्येगुरुजी म्हणाले. "मला उजेड पाहिजे. लक्ष्मी काय, वकिलांकडून येतेच."