आपोआप गेलेला राजीनामा

"अरे, कर की आता क्लिक! काल रात्री बरं केलंस!"

तो लॅपटॉपवर खेकसला. मोबाइलचा कॅमेरा धरून धरून त्याच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. समोर लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता. आतली बॅटरी फुगून त्याचं बूड टम्म झालं होतं, झाकणही धड लागत नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं फोनवर बजावलं होतं, "चार्जिंगला लावू नका, दाबू तर अजिबात नका, आहे तसा घेऊन या." पण आधी पुरावा हवा होता. उरलेलं चार्जिंग भराभर उतरत होतं आणि टचपॅड ढिम्म बसून होता.

भानगड अशी होती की काल रात्री बायकोचा राजीनामा तिच्या ऑफिसला गेला. आपोआप. ती तसं म्हणाली. कधीतरी रागाच्या भरात लिहून ठेवला होता, पाठवायचा नव्हताच. पण बॅटरी फुगली, टचपॅड खालून दाबला गेला आणि क्लिक झालं. त्यानं इंटरनेटवर शोधलं. होतं म्हणे असं. सकाळी त्यानंच तिच्या मॅडमना फोन लावला. मॅडम आधी मनसोक्त हसल्या.

"व्हिडिओ पाठवा," त्या म्हणाल्या. "आपोआप क्लिक होताना दिसलं, तर राजीनामा आलाच नाही असं समजेन. पण पाचच्या आत हं. नंतर माझ्या हातात नाही."

म्हणून त्यानं रजा टाकली होती. बायकोची नोकरी गेली तर घराचा हप्ता एकट्याच्या पगारात बसत नव्हता. ती मात्र सकाळपासून आतल्या खोलीत पडून होती. डोकं दुखतंय म्हणाली. इथे आपण तिच्या नोकरीसाठी जिवाचं रान करतोय आणि बाईसाहेब लोळताहेत! त्याचा नुसता तिळपापड होत होता.

विमा कंपनीत तो दावे तपासायचा. गाडी आपोआप घसरली, गोदाम आपोआप पेटलं, असं सांगणारे ढिगानं भेटायचे. खोटं आपल्याला वासावरून कळतं, असं तो चारचौघांत सांगायचा. आणि आज एक साधा, खरा पुरावा गोळा करता येत नव्हता. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, पुन्हा टेबलावर ठेवला, कडेनं उचलून पाहिला, त्याला गोंजारलं, शिव्या घातल्या. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

पाच वाजत आले तेव्हा त्यानं जन्मात केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. पुरावा बनवायचा. करंगळी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी धरली आणि टचपॅडवर हलकेच टेकवली. काही झालं नाही. पुन्हा टेकवली. सरकवून पाहिली. छे!

वैतागून त्यानं माउस ओढला आणि सेटिंग उघडलं. टचपॅड बंद होता. बिघडलेला नव्हे. बंद करून ठेवलेला.

कुठल्या गाढवानं हे केलं, म्हणून तो ओरडणार, इतक्यात त्याला ते गाढव आठवलं. गेल्या महिन्यात ती म्हणाली होती, बाण वेड्यासारखा पळतो, नको तिथे क्लिक होतं, काम करता येत नाही. कामावरून दमून आलेल्या त्यानं दोन मिनिटांत टचपॅड बंद करून टाकला, कपाटातला माउस जोडून दिला आणि वर म्हणाला, "झालं! एवढ्यासाठी रडत होतीस?" लॅपटॉप उलटा करून बघायचं काही त्याला सुचलं नाही. त्याच दिवशी ती आणखी काहीतरी सांगत होती. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून कान किटतात, मॅडम जेवतानाही फोन करतात, आता झेपत नाही. त्यावर तो काय म्हणाला होता? "होते सवय."

बंद टचपॅड. त्याच्यावर छत कोसळलं असतं तरी क्लिक झालं नसतं. हयात लबाड दावे पकडण्यात गेली आणि घरातला दावा त्यानं डोळे झाकून मंजूर केला होता.

तो ताडकन उठला. मला वेड्यात काढलंस? तुझ्यासाठी मी त्या बाईपुढे नाक घासलं! सगळं तोंडाशी आलं होतं. त्यानं खोलीचं दार ढकललं.

ती झोपलेली नव्हती. पलंगाच्या कडेवर ताठ बसून होती, हात मांडीत घट्ट धरून. त्याला बघताच ती उभी राहिली.

"अहो... मिळाला का व्हिडिओ?"

आवाज कापत होता. दावा फेटाळला जाणार हे कळलेल्या माणसाचा असा आवाज त्यानं पुष्कळदा ऐकला होता. त्याला वाटलं, ही मॅडमना घाबरलीय. मग लक्षात आलं, मॅडमना तर तिनं काल रात्रीच काय ते कळवून टाकलं होतं. ती घाबरत होती ती त्याला.

हातातला मोबाइल वाजला. मॅडम होत्या.

"काय हो, पाच वाजले. व्हिडिओ कुठाय?"

"नाही झाला."

"मग राजीनामा खरा धरू?"

बायकोनं डोळे मिटून घेतले.

"धरा," तो म्हणाला. "आमच्या घरात आपोआप काही होत नाही, मॅडम. सगळं तिलाच करावं लागतं."