न भरून निघणारी पोकळी

शरयूताई पांढरी साडी नेसून तयारच होत्या. हल्ली टीव्हीवर दिसायचं तेवढंच निमित्त उरलं होतं. कुणी जुना नट वारला, की सिनेसृष्टीच्या बातम्या देणाऱ्या कार्यक्रमातली मुलगी कॅमेरा घेऊन दारात यायची.

आज एका खलनायकाची पाळी होती. "न भरून निघणारी पोकळी" एका दमात सांगून झाली.

"ताई, अच्युतरावांवरही आत्ताच बोलून ठेवता? आयसीयूत आहेत. ऐनवेळी धावपळ नको."

ज्यांची नायिका म्हणून वीस वर्षं मिरवलं, त्यांच्यावर त्या तीन मिनिटं बोलल्या. पोकळी दोनदा आली. माईक काढताना त्यांनी सहज विचारलं, "आणि माझ्यावर कोण बोलणार गं?"

"तुमचं तयार आहे की. अच्युतरावांनीच दिवाळीत देऊन ठेवलंय," मुलगी बोलून गेली आणि चपापली. "फार छान बोललेत. शेवटी ढसाढसा रडले."

"मेला, इथंही भाव खाऊन गेला."

'मेला' ऐकताच मुलीनं घाईघाईनं फोनवर बातम्या तपासल्या.

शरयूताईंनी माईक पुन्हा पदराला लावला. "माझं परत घे. मघाशी रडायचं राहिलं."