पायरीचा दगड

काजल उईके पायरीवर पाय ठेवत नव्हती.

नववीचा बाकी वर्ग आत होता. सिंदीजवळ रेल्वेच्या गोऱ्या साहेबाचा हा पडका बंगला. पोरं टेप लावून भिंती मोजत होती, खिडक्यांची चित्रं काढत होती. ‘साहेबानं वसवलेलं आमचं गाव’ हा दुर्गेश सरांचा प्रकल्प. वर्ध्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर आणायचाच होता. साहेबाच्या आधी इथं नुसतं जंगल होतं, असं सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. जंगलात माणसं होती का, हे कुणी विचारलं नव्हतं.

सर बाहेर आले. आत येऊन मोजायचं नसेल तर प्रकल्पातून नाव काढतो म्हणाले. मग पोरांकडे वळून हसले. हिची आजी दर दिवाळीला या पायऱ्यांवर सुकवलेली मोहफुलं वाहते, अजून साहेबालेच देव मानते म्हणाले. पोरं खिदळली.

“सायेब नाई जी सर,” काजल म्हणाली. “आमचे मेलेले हायेत. माणूस मेला का आमी गोंड त्याच्या नावानं चंद्र-सूर्य कोरून गोटा उभा करतो. सायबानं ते उपटून पायऱ्या केल्या.”

सरांनी वाकून माती खरवडली. खालच्या पायरीच्या कडेला चंद्र कोरलेला निघाला. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी काजलच्या डोक्यावर हात ठेवला. खरा इतिहास हाच, आता तो पायाखाली राहणार नाही म्हणाले.

काजल पळतच घरी गेली. गोटा परत उभा राहणार, हे तिनं आजीला, रुख्माबाईला, दहादा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सब्बल लावून दगड काढला. काजलनं ओढणीनं पुसला. पण तो उभा झाला नाही. गाडीत आडवा पडला अन् वर्ध्याला गेला. रुख्माबाईला कुणी विचारलं नाही. ज्यांचे मेलेले त्यांना विचारायची आपल्याकडे रीतच नाही.

टेबलावर पांढरं कापड, त्यावर दगड, खाली पाटी : शोध, दुर्गेश सर व विद्यार्थी. पहिला नंबर आला. पाहुण्या साहेबांना दगड फार आवडला. त्यांनी तो नागपूरला, आपल्या संग्रहात नेला. सरांनी आनंदानं दिला.

दिवाळीला सर पेढे घेऊन बंगल्यावर आले. रुख्माबाई पायरीच्या खड्ड्यापाशी बसली होती. फुलं अजून ओंजळीतच होती. तिनं पेढ्याकडे पाहिलं नाही.

“सायबानं पायाखाली घातला, सर,” ती म्हणाली. “पन गावात त ठेवला होता.”